प्रॅक्टिकल बंद करून एक्सरसाइज फिजिऑलॉजी शिकवता येत नाही

मा. संपादक,

मी विद्यापीठात एक्सरसाइज फिजिऑलॉजी शिकवते, म्हणजे व्यायाम करताना शरीर कसं काम करतं त्याचं शास्त्र. पत्र जरा लांब होणार आहे कारण विषय दोन ओळींत मावणारा नाहीये, जागा असेल तेवढं छापा पण आकडे कापू नका एवढी विनंती. गेली काही वर्षं मी बघतेय की या विषयात कात्री लावायची वेळ आली की सगळ्यात आधी प्रॅक्टिकलचे तास जातात. टाइमटेबलमध्ये जागा नाही, बॅच मोठी झाली, टेक्निशियनची पोस्ट रिकामी आहे, मास्क धुणार कोण, कुणाला चक्कर आली तर जबाबदारी कुणाची, अशी कारणं असतात. एकेक कारण सुटं बघितलं तर पटतंही, पण सगळी मिळून होतं काय तर मुलांना एक व्हिडिओ दाखवला जातो, तयार आकड्यांची शीट हातात मिळते, त्यावरून ग्राफ काढायचा आणि जर्नलवर सही घ्यायची. माझं म्हणणं असं आहे की हा विषय जित्या माणसावर मोजमाप केल्याशिवाय शिकवता येत नाही, आणि जिथे मुलांना नीट मोजायला शिकवत नाहीत तिथला रिसर्चही कच्चाच राहतो. या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे.

बऱ्याच जणांना वाटतं हा जिमवाल्यांचा नाहीतर खेळाडूंचा विषय. तसं अजिबात नाही. बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पंप करतं, सराव नसलेल्या पण धडधाकट तरुणाला दम लागेपर्यंत पळवलं तर तेच हृदय २० लिटरपर्यंत जातं, आणि लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूचं ३५ लिटरच्याही पुढे. शांत बसलेलो असताना यातलं साधारण पाचवा हिस्सा रक्त स्नायूंकडे जातं, जोरात पळताना ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे आतडी, किडनी यांच्याकडचा पुरवठा काही मिनिटांत आवळून शरीर तो पायांकडे वळवतं, आणि तरीही मेंदूचा कमी होऊ देत नाही. ही यंत्रणा कुठे अडते, आजारात काय बिघडतं, हे माणूस स्वस्थ बसलेला असताना दिसतच नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि जिना चढताना धाप लागते असे पेशंट प्रत्येक डॉक्टरने बघितलेत, तिथे लोड देऊनच बघावं लागतं.

म्हणून तर मोठ्या ऑपरेशनच्या आधी वयस्कर पेशंटला सायकलवर बसवून त्याचा श्वास मोजतात. ऑस्ट्रेलियात पॉल ओल्डर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं की ज्यांचा अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्ड (लोड वाढत जाताना नुसत्या ऑक्सिजनवर भागेनासं होतं तो टप्पा) वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ११ मिलीलिटर ऑक्सिजनच्या खाली होता, त्यांच्यात मोठ्या ऑपरेशननंतर हृदयाच्या कारणाने दगावण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. आता हा थ्रेशोल्ड मशीन छापून देतं खरं, पण ग्राफवर तो नेमका कुठे धरायचा हे शेवटी माणूसच ठरवतो, रेषा कुठे वाकली ते डोळ्यांनी बघून. ती बघणारी व्यक्ती आमच्याच सारख्या डिपार्टमेंटमधून शिकून गेलेली असते. तिने शिकताना एकही खरा ग्राफ स्वतः काढला नसेल, फक्त पुस्तकातला गुळगुळीत बघितला असेल, तर ती तिथे बसून काय बघणार आहे?

प्रॅक्टिकलमध्ये असं काय होतं जे व्हिडिओत होत नाही, हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही म्हणून सांगते. व्हीओटू मॅक्सची टेस्ट घ्या, म्हणजे माणूस जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतो ते मोजणं. ट्रेडमिल सुरू व्हायच्या आधीच बराच वेळ जातो. ३ लिटरची सिरिंज घेऊन फ्लो मीटरमधून हवा ढकलायची, एकदा सावकाश, एकदा जोरात, कारण टेस्टच्या सुरुवातीला श्वास संथ असतो आणि शेवटी भात्यासारखा, आणि मशीनने दोन्ही वेळा ३ लिटरच दाखवले पाहिजेत. मग सिलिंडरमधला माहीत असलेला गॅस, बहुतेक ठिकाणी १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइड, अ‍ॅनालायझरला दाखवायचा, मग खोलीतली हवा दाखवायची. मग मास्क. मास्कच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा आणि विद्यार्थ्याला फुंकायला सांगायचं, नाकाच्या कडेने डोळ्यांवर हवा आली की लीक आहे, पट्टे सोडून पुन्हा बांधायचे. पहिल्यांदा करणारी मुलं इथे कंटाळतात, मॅडम कधी सुरू करायचं म्हणतात, आणि मला ते कंटाळणंसुद्धा शिकण्याचाच भाग वाटतो.

मग टेस्ट सुरू. दर टप्प्याला चढ किंवा स्पीड वाढतो, एक मुलगी हार्ट रेट लिहितेय, एक जण बोर्ग स्केलचा तक्ता समोर धरून उभा आहे. तोंडावर मास्क असल्याने बोलता येत नाही, म्हणून पळणाऱ्याने बोट ठेवून सांगायचं की किती कठीण वाटतंय. हा स्केल ६ ते २० असा विचित्र वाटतो, पण स्वीडनच्या गुन्नर बोर्गने तो तसा बेतला कारण आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचा हार्ट रेट साधारण येतो. शेवटच्या मिनिटाला बोट १९ वर असतं, पाय जड पडायला लागलेले ऐकू येतात, बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन, ज्याला आम्ही आरईआर म्हणतो, ते प्रमाण १.१ च्या वर गेलेलं असतं, वर्ग ओरडतोय चल चल चल, आणि मग हात वर होतो आणि बेल्ट स्लो करतो. मास्क काढल्यावर पहिलं मिनिटभर कोणी काही विचारायचं नाही असा माझ्या लॅबचा नियम आहे.

आणि त्यानंतर खरी शिकवणी सुरू होते. स्क्रीनवरचा ग्राफ पुस्तकासारखा नसतो. एकेका श्वासाचे ठिपके वरखाली उडालेले असतात. मॅडम प्लॅटो कुठेय, पुस्तकात तर लिहिलंय की शेवटी रेषा सपाट होते? टेलर आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली नियम दिला होता की लोड वाढवूनही ऑक्सिजन मिनिटाला १५० मिलीपेक्षा कमी वाढला तर प्लॅटो धरावा. आता बघा, वर्गातल्या कितीतरी मुलांमध्ये तो येतच नाही, आणि ज्याच्यात येतो त्याच्यात पण १० सेकंदांची सरासरी घेतली की एक उत्तर, ६० सेकंदांची घेतली की दुसरं, दहाची जवळपास नेहमी जास्त निघते. म्हणजे ज्या आकड्याला आपण माणसाची क्षमता म्हणतो तो थोडासा आपणच ठरवतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहून सांगितलं तर मुलं लिहून घेतात आणि विसरतात. त्यांच्याच मित्राच्या ग्राफवर वाद घालून ती तिथे पोचली की मग कुठलाही पेपर वाचताना सगळ्यात आधी बघतात की सरासरी किती सेकंदांची घेतली होती.

एक गणित मी अजूनही हाताने करायला लावते, मशीन दोन सेकंदांत देत असलं तरी. समजा शेवटच्या मिनिटाला विद्यार्थ्याने १०० लिटर हवा बाहेर टाकली (तापमान आणि दाबाचा हिशेब लावून झालेले लिटर). आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के होता, बाहेर आलेल्या हवेत १७.५ टक्के, आणि कार्बन डायऑक्साइड ३.६. आत किती लिटर हवा गेली ते मोजलेलंच नाहीये, ते नायट्रोजनवरून काढायचं, कारण नायट्रोजन शरीर वापरत नाही, जेवढा आत तेवढा बाहेर. एवढं केलं की ऑक्सिजनचा वापर जवळपास ३.४ लिटर निघतो, वजन ६८ किलो असेल तर किलोमागे ५० मिली. आता मी सांगते, समजा अ‍ॅनालायझर फक्त ०.१ ने चुकला, १७.५ च्या जागी १७.६ दाखवलं, तर पुन्हा काढा. उत्तर मिनिटाला सव्वाशे मिलीने खाली येतं, जवळजवळ ४ टक्के! दशांश चिन्हानंतरच्या एका घराची चूक. आणि काही आठवड्यांच्या ट्रेनिंगने सुधारणा किती झाली हे शोधणारे अभ्यास बघा, त्यातली बरीच ५, ८, १० टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष काढतात. मशीन सकाळी नीट कॅलिब्रेट झालं होतं का, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर तपासून जुळवलं होतं का, या एका प्रश्नावर अख्खा पेपर उभा असतो, आणि हे गणित ज्याने स्वतः केलंय त्यालाच तो प्रश्न विचारावासा वाटतो.

आता रिसर्चकडे येते. या शास्त्रात शिकवणं, मोजणं आणि शोधणं हे वेगवेगळ्या लोकांचं काम कधीच नव्हतं. ए. व्ही. हिलला स्नायूंच्या उष्णतेवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं, त्याच्या दोन वर्षं आधी ऑगस्ट क्रोगला केशवाहिन्यांवरच्या कामासाठी मिळालं होतं. तो नोबेलवाला हिल त्याच सुमाराला स्वतःच्या पाठीवर पिशवी बांधून मैदानात गोल गोल धावत होता, आपला श्वास त्या पिशवीत जमा करत, आणि त्यातूनच व्हीओटू मॅक्सची कल्पना आली. १९६६ साली स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी तर एकच सायकल घेतली, दोघे दोन बाजूंना बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारलं, दुसरा पाय आरामात. मग सुईने दोन्ही मांड्यांमधून स्नायूचा बारीक तुकडा काढून ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, मोजलं, आणि पुढचे तीन दिवस कार्बोहायड्रेट भरपूर असलेलं खाऊन मोजत राहिले. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन आधी तळाला गेलं आणि मग आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट वर आलं. रक्त तेच, हॉर्मोन तेच, जेवण तेच, फरक फक्त पायात, म्हणजे कारण स्नायूच्या आतच आहे. दोन माणसं, एक सायकल, आणि आज मॅरेथॉन धावणारा प्रत्येक जण रेसच्या आधी जे कार्बो लोडिंग करतो त्याची मुळं तिथे आहेत. प्रयोग छोटा होता पण प्रश्न इतका नेमका विचारला होता की त्याच माणसाचा दुसरा पाय कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, समोर होता. हे मला फार सुंदर वाटतं, दरवर्षी शिकवताना वाटतं.

हार्वर्डची फटीग लॅबोरेटरी १९२७ ला सुरू झाली आणि १९४७ ला बंद झाली, बिझनेस स्कूलच्या तळघरात होती, पण तिथे हाताने काम शिकलेले लोक पुढे ठिकठिकाणी गेले आणि त्यांनी लॅब उभ्या केल्या. लॅबने वारसा सोडला तो पेपरपेक्षा जास्त माणसांच्या रूपात. आपण आज डिपार्टमेंटचं मोजमाप पेपरच्या संख्येवर करतो आणि त्या पेपरसाठी हात कुठे तयार झाले हे विचारतच नाही.

हात तयार झाले नाहीत की काय होतं? आमच्या विषयातला ठरलेला अभ्यास असा असतो: एका गटात दहा, दुसऱ्या गटात दहा, बहुतेक त्याच कॉलेजची विशीतली मुलं, सहा-आठ आठवडे ट्रेनिंग, आधी एकदा मोजलं, नंतर एकदा मोजलं, फरक निघाला की पेपर, नाही निघाला की फाइल कपाटात. संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकातला हिशेब लावून बघा, मध्यम आकाराचा खरा फरक असला तरी दहा-दहाच्या दोन गटांत तो सापडायची शक्यता २० टक्क्यांच्याही खाली आहे. पाचातल्या चार वेळा खरी गोष्ट हातातून निसटणार, आणि जे सापडतं म्हणून छापून येतं ते बऱ्याचदा फुगलेलं असतं. तोच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. एकट्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला ६४ आणि ६४ लोक आठ आठवडे धरून ठेवता येत नाहीत, मी त्यांना दोष देत नाहीये, त्यांच्याकडून तीन वर्षांत अमुक इतके पेपर मागणाऱ्या पद्धतीला देतेय.

शिवाय माणसं एकसारखी नसतात. हेरिटेज फॅमिली स्टडीमध्ये क्लोद बुशार्ड आणि सहकाऱ्यांनी बैठ्या जीवनशैलीच्या शेकडो लोकांना २० आठवडे एकाच पद्धतीने ट्रेनिंग दिलं, व्हीओटू मॅक्समधली सरासरी वाढ मिनिटाला ४०० मिलीच्या आसपास, पण कुणात जवळपास शून्य आणि कुणात १ लिटरच्याही वर, आणि हा फरक घराण्यांत चालत येतो हेही दिसलं. ते दिसलं कारण माणसं शेकड्यांनी होती. हे माहीत असताना दहा जणांवरून अमुक व्यायाम तमुकपेक्षा भारी असं म्हणायला धीर कसा होतो मला कळत नाही. आणि पुढची पायरी म्हणजे ज्या दोघांत वाढ दिसली नाही त्यांना नॉन रिस्पॉन्डर, म्हणजे ट्रेनिंगचा परिणामच न होणारे, ठरवायचं. अहो, तोच माणूस काहीही ट्रेनिंग न करता मंगळवारी आणि शुक्रवारी मोजला तरी आकडा काही टक्के हलतो! झोप, उकाडा, मूड, मास्कचा पट्टा, कशानेही. ट्रेनिंगच्या आधी दोनदा मोजलं असेल तरच हा हलणारा भाग बाजूला काढता येतो, आणि दोनदा मोजायचं हे प्रॅक्टिकलमध्ये एकदा अनुभवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

बायकांचं तर वेगळंच. तीन नावाजलेल्या जर्नलमधले २०११ ते २०१३ चे पेपर चाळून २०१४ साली एक आढावा छापला गेला, त्यात भाग घेतलेल्या लोकांपैकी बायका फक्त ३९ टक्के होत्या. कारण नेहमी हेच दिलं जातं की मासिक पाळीमुळे गुंतागुंत वाढते. गुंतागुंत आहे म्हणून निम्म्या माणसांना अभ्यासातून वगळायचं आणि मग पुरुषांवरून काढलेले नियम त्यांनाच लावायचे, हे मला शास्त्राच्या दृष्टीनेच चूक वाटतं. आणि जमत नाही असंही नाही. पेर ओलोफ ऑस्ट्रँड आणि इर्मा र्‍यूमिंग यांनी १९५४ साली सायकल टेस्टवरून क्षमतेचा अंदाज बांधायचा तक्ता केला, तो शारीरिक शिक्षणाच्या मुलं आणि मुली दोघांवर मोजून केला होता. सत्तर वर्षांपूर्वी.

आता माझी सूचना. प्रत्येक विद्यापीठात या विषयाची बॅच दरवर्षी तीच टेस्ट करते, तेच आकडे काढते आणि वर्ष संपलं की ते रद्दीत जातात. ते वाया घालवू नका. चार-पाच डिपार्टमेंटनी एकत्र बसून एक टेस्ट ठरवावी, एकच प्रोटोकॉल, एकच फॉर्म, कॅलिब्रेशनचे आकडे लिहायची जागा त्याच फॉर्मवर, सरासरी किती सेकंदांची घ्यायची ते आधीच ठरवून लिहून ठेवायचं. प्रत्येकाकडे चाळीस विद्यार्थी धरले तरी एका वर्षात दीडशे-दोनशे माणसं होतात, मुली आपोआप येतात, आणि असले बरेच प्रश्न आहेत ज्यांना फॅन्सी मशीन नाही तर माणसांची संख्या हवी आहे.

उदाहरण देते. २२० वजा वय. जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलच्या स्क्रीनवर, घड्याळात, सगळीकडे हेच सूत्र असतं कमाल हार्ट रेटसाठी. फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या लेखापासून ते पसरलं, आणि ते खास त्यासाठी केलेल्या कुठल्या प्रयोगातून आलेलं नाही, तेव्हा उपलब्ध असलेल्या आकड्यांवरून अंदाजाने ओढलेली रेषा आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास तपासून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारलं. पण कुठलंही घ्या, एकाच वयाच्या माणसांत १० ते १२ ठोक्यांचा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, राहतोच. माझ्या वर्गात सगळे विशीचे, सूत्र म्हणतं सगळ्यांचे २००, आणि प्रत्यक्ष मोजलं की कुणी १८४ ला संपतं तर कुणी २०८ पर्यंत जातं, दोघंही ठणठणीत. ज्याचा १८४ आहे त्याला सूत्रावरून ट्रेनिंग झोन, म्हणजे व्यायामात गाठायचा हार्ट रेट, दिला तर तो बिचारा रोज जीव काढत बसेल, आणि वाटेल की आपल्यातच काहीतरी कमी आहे. फिजिओ होऊन जाणाऱ्या मुलाने हे एकदा स्वतःच्या वर्गात बघितलं की तो आयुष्यात कुठल्या पेशंटला डोळे मिटून सूत्र लावणार नाही.

तसंच लॅक्टिक अ‍ॅसिडचं. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे, हे अजून शिकवलं जातं, छापलं जातं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन दर दहा मिनिटांनी मोजा, तासाभरात लॅक्टेट (रक्तात ते याच रूपात असतं) जवळपास मूळ पातळीला येतं, आणि दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. उतारावरून पळताना लॅक्टेट कमी असतं आणि दुखतं मात्र जास्त, कारण तिथे स्नायू ताणला जात असताना जोर लावतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. जॉर्ज ब्रूक्सने १९८० च्या दशकातच मांडलं की लॅक्टेट हा कचरा नाही, एका पेशीने बनवलेलं इंधन दुसरी पेशी आणि हृदय वापरतं. इतकी वर्षं झाली तरी जुनं जात नाही, कारण सांगून गेलेलं सांगूनच काढता येत नाही, त्याला मोजून दाखवावं लागतं.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, कारण माझ्या सूचनेत धोका आहे आणि तो मला माहीत आहे. विद्यार्थी आपल्या हाताखाली असतात, मार्क आपल्या हातात असतात, ते नाही म्हणायला कचरतात. म्हणून टेस्ट देणं पूर्ण ऐच्छिक हवं, मार्क टेस्ट दिली की नाही यावर नकोत तर मोजणी आणि विश्लेषण किती नीट केलं यावर हवेत, आणि संमती घेणारा माणूस त्यांचा परीक्षक नसावा. आधी आरोग्याची प्रश्नावली झालीच पाहिजे, कुणाला दमा आहे, कुणाच्या घरात तरुणपणी अचानक हृदयविकाराने कोणी गेलंय, हे खाजगीत विचारायचं. वजन वर्गासमोर मोठ्याने वाचायचं नाही! व्हीओटू मॅक्सची क्रमवारी फळ्यावर लावायची नाही. मी असे वर्ग बघितलेत जिथे हे सर्रास होतं, आणि एखादी मुलगी त्या दिवसानंतर प्रॅक्टिकलला येणंच बंद करते. ज्यांना टेस्ट द्यायची नाही त्यांनी मशीन चालवावं, ते तेवढंच महत्त्वाचं काम आहे. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४ चा आहे, त्यातली तत्त्वं वर्गातल्या प्रयोगालाही लागू करायला कुणी अडवलेलं नाही.

रिस्कचं कारण सांगून प्रॅक्टिकल बंद करणाऱ्यांसाठी एक जुना आकडा देते. १९७१ साली ७३ केंद्रांमधल्या साधारण १ लाख ७० हजार स्ट्रेस टेस्टचा, म्हणजे व्यायाम करायला लावून केलेल्या हृदयाच्या तपासण्यांचा, सर्व्हे छापून आला, मृत्यूचं प्रमाण १० हजारात १ होतं, आणि ते हृदयाचा आजार असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या पेशंटसकट. विशीतल्या, प्रश्नावलीतून गेलेल्या मुलांत धोका त्याहून बराच कमी असतो. शून्य नसतो, म्हणून डिफिब्रिलेटर (बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि तो वापरता येणारी माणसं लॅबमध्ये हवीतच. आणि कमाल टेस्ट नकोच असेल तर ऑस्ट्रँडची सहा मिनिटांची सायकल टेस्ट आहे, स्टेप टेस्ट आहे, एक बाक, एक घड्याळ आणि नाडीवर दोन बोटं, एवढ्यातही हार्ट रेट कसा वाढतो, कसा उतरतो आणि माणसागणिक किती वेगळा असतो ते समजतं. मास्क महाग म्हणून मोजणंच बंद, हे मला मान्य नाही. सिम्युलेशन मीही वापरते, जे वर्गात मोजता येत नाही ते दाखवायला, उदाहरणार्थ उंच डोंगरावर काय होतं. पण सिम्युलेशन तेच उत्तर देणार जे त्यात घातलंय, त्यातला मास्क कधी लीक होत नाही.

टेक्निशियनबद्दल बोलल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही. मशीन विकत घ्यायला ग्रँट मिळते, सांभाळायला मिळत नाही. ऑक्सिजनचा सेन्सर ठरावीक काळाने संपतो, गॅसचा सिलिंडर रिकामा होतो, सॅम्पल लाइनमध्ये ओल धरते, आणि हे ज्याला आवाजावरून कळतं तो माणूस कंत्राटावर असतो आणि कंत्राट संपलं की जातो. त्याच्या मागोमाग ते सगळं ज्ञान जातं. मग मशीनवर कव्हर पडतं आणि पाहुणे आले की कव्हर काढून दाखवलं जातं. एका चांगल्या टेक्निशियनने तयार केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा कमी नसते, त्याचं नाव पेपरवर यावं आणि त्याची नोकरी कायम असावी, एवढंच.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं. व्यायामावरच्या संशोधनाच्या बातम्या आपण छापता, ते चांगलंच आहे, लोक वाचतात आणि त्याप्रमाणे वागतातही. फक्त प्रत्येक बातमीत दोन गोष्टी जरूर लिहा, अभ्यासात किती माणसं होती आणि ती कोण होती, म्हणजे वय, स्त्री की पुरुष, आधीपासून व्यायाम करणारी की न करणारी. १९६६ च्या अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवलं तर त्यांची ऑक्सिजनची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली, आणि तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा मोजले तेव्हा दिसलं की ते तीन आठवडे त्यांना तीस वर्षांच्या वयापेक्षा महाग पडले होते. फार मोलाचा अभ्यास, हृदयाच्या पेशंटना अंथरुणातून लवकर उठवण्यामागे त्याचाही हात आहे. पण पाचही पुरुष, हेही बातमीत आलं पाहिजे. दोन ओळी जास्तीच्या लागतील, तेवढी जागा द्या.

आपली,
एक्सरसाइज फिजिऑलॉजीची एक प्राध्यापिका